पट्टीखालची ओळ

धकातेकाका गेल्याचा आईचा निरोप आला तेव्हा मी कामाच्या बैठकीत होते. टेबलाभोवती सहा जण, दोघे पडद्यावर, आणि मधोमध उपग्रहावर गुंडाळायच्या आवरणाचे नमुने. फोनवर दोनच ओळी होत्या, 'काका गेले वं. सकाळी. त्रास नाही झाला.' मी बैठक तशीच अर्धी सोडली, बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिले आणि मनसोक्त रडले. युरोपातल्या त्या गावात बर्फ भुरभुरत होतं आणि मला मात्र नंदनवन वस्तीतली आमची गल्ली दिसत होती...

मधुकर धकाते आमचे शेजारी. नात्याचे कुणी नव्हेत, पण भिंतीला भिंत आणि गच्चीला गच्ची लागून. घराण्याचा धंदा हातमागाचा. माग थंडावले तसं काकांनी टायपिंग शिकून घेतलं आणि कोर्टाबाहेर टेबल टाकलं. अर्जनवीस म्हणून जन्मभर लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहिली. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पद्धत बदलली नाही. कागद तयार झाला की ते तो स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाचताना ओळीखालून बांबूची एक चपटी पट्टी सरकवायचे. वडिलांच्या मागावरची ती पट्टी हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. वाक्य संपलं की पट्टी थांबायची. काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "हे खरं हाय का?" समोरचा 'हाव' म्हणेपर्यंत पट्टी पुढे जात नसे. घाईतली माणसं वैतागून शेजारच्या टेबलावर जायची. काकांना त्याचं काही वाटत नसे. दुसरा एक नियम होता. चूक झाली तर पांढरा रंग फासून ती लपवायची नाही. "दिसू द्यावं. आडवी रेघ मारा, खरं काय ते लिहा, अन् सही करा," एवढंच ते सांगायचे.

मी कापड अभियांत्रिकी शिकले आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात तपासणीला लागले. धागे आणि कापडाचे तुकडे यंत्रात ताणून तुटेपर्यंत बघायचे, आकडे लिहायचे, पुढचा तुकडा घ्यायचा. तिथून थेट अवकाश क्षेत्रातलं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला परदेशी जायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरीला ऊन लागलं. आदल्या वर्षी दोन ठिकाणांहून नकार आला होता. आता एकच अर्ज उरला होता. बाबा निवृत्तीला आलेले, माझ्या लग्नाची बोलणी सुरू झालेली. हे वर्ष हुकलं असतं तर पुढचं मिळालं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

काकांकडे मी गेले होते ते भलत्याच कामाला. गुणपत्रिकेवर आणि पासपोर्टावर नाव वेगळं पडलं होतं, त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते पाच मिनिटांत झालं. मग त्यांनी फाइलमधून माझं निवेदन काढलं. हा अभ्यासक्रम मला का करायचा आहे, ते सांगणारी दोन पानं. काकांचं इंग्रजी कोर्टातलं, पण पक्कं. पट्टी पहिल्याच ओळीखाली जाऊन थांबली.

"लहानपणी गच्चीवर पडून तू तासन् तास तारे पाहत होती म्हनते. हे खरं हाय का वं, मेघा?"

"काका, सगळे असंच लिहितात."

"सगळ्यायचं नाही विचारून राहिलो. तुमची गच्ची आमच्या गच्चीले लागून हाय. तू तं उशीले डोकं लागलं की घोरत जाय."

मला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. दोन दिवसांवर मुदत आलेली आणि हे माझं घोरणं काढत बसले होते. मी म्हटलं, "मग काय लिहू? बुटीबोरीत चिंध्या फाडत बसते, असं लिहू?"

"काहून नाही? तेच करून राहिली ना तू?"

मी कागद ओढून घेतला. काकांनी पट्टी तशीच धरून ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "मंग तुले हे सुचलं कवा?" मी फणकाऱ्यातच सांगायला लागले. एकदा बाहेरच्या कंपनीचं काचेच्या धाग्याचं कापड तपासणीला आलं होतं. इतकं पातळ, की मला वाटलं हात लावताच विरेल. यंत्रात घातलं तर तुटता तुटेना. हे कशासाठी, म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, उपग्रहात जातं. कापड अवकाशात जातं, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी डबा खायचा राहिला... सांगता सांगता माझा राग कधी गेला ते कळलं नाही. काका टाइप करत होते. माझ्याच शब्दांचं त्यांनी साधं, कोर्टात चालेल असं इंग्रजी केलं होतं.

शेवटच्या ओळीपाशी पट्टी पुन्हा थांबली. शिक्षण संपवून मी भारतात परत येईन, असं मी लिहिलं होतं. मी घाईने म्हटलं, "हे खरं आहे."

"हे उद्याचं हाय. उद्याचं आज शपथेवर लिहू नाही, बेटा. 'आज तसा विचार आहे' असं लिह. तेवढंच तुह्या हाती हाय."

मुलाखतीत पडद्यावर तिघं होते. ताऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही. कापड कुठल्या दिशेने फाटलं, किती नमुने घेतले, थंडीत तपासलं का, असंच विचारत राहिले. थंडीत तपासलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. आपल्याला जे ठाऊक नाही ते न लाजता सांगायचा सराव काकांच्या टेबलापुढे झालेला होता. प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली.

त्या वर्गात गेल्यावर कळलं, की अवकाश ही एकट्या इंजिनिअरांची मिरास नाही. माझ्या गटात एक वकील होती, एक डॉक्टर, एक वैमानिक. पाच जणांच्या पाच भाषा, आणि सगळ्यांचं मिळून मोडकंतोडकं इंग्रजी. वर्षअखेरीचा अहवाल देण्याआधी मी हट्टाने तो मोठ्याने वाचायला लावला, पट्टी नव्हती तर फूटपट्टी धरून. सगळे कंटाळले. एकविसाव्या पानावर 'तपासलं' असा शब्द आला आणि वकीलबाईंनी विचारलं, हे खरंच तपासलंय का? नव्हतं तपासलं. फक्त गणित मांडलं होतं. परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं, तोवर आम्ही ते दुरुस्त केलेलं होतं. पुढे आमच्या गटात त्या वाचनाला 'नंदनवन' असंच नाव पडलं. ते अजून आहे.

शिक्षणानंतर मी तिकडेच नोकरीला लागले. हिवाळ्यात सुटीला घरी येऊन शेवटचं भेटले तेव्हा काकांनी टेबल बंद केलं होतं. गुडघे गेले होते, नजरही. अंगणात बसून शेंगा फोडत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर एकाएकी म्हणाले, "वापस यायचा विचार हाय का अजून?" मी एक शेंग उचलून सोलली. नंतर म्हटलं, "आहे, काका... पण पहिल्याइतका नाही." त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "बरं केलं सांगितलं," म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली. मी परत यावं असं त्यांना वाटत होतं, हे मला दिसत होतं. तरी त्यांनी एका शब्दाने मला बांधून घातलं नाही. मला मिळालेल्या मोठ्या देणग्यांत मी ती पहिली धरते.

मी घरी आले आहे; आज काकांच्या पत्नी शोभाकाकूंनी ती पट्टी मला दिली. "तूच ठेव. मले काय वाचा लागते?" म्हणाल्या. काकांच्याच खुर्चीत बसून मी हा लेख मोठ्याने वाचायला घेतला आणि पट्टी पहिल्या परिच्छेदाखालीच थांबली.

मी बैठक सोडली नव्हती. निरोप वाचून फोन उलटा ठेवला. माझी बोलायची पाळी होती. वीस मिनिटं नमुन्यांबद्दल बोलले, प्रश्नांना उत्तरं दिली, नंतर डबाही खाल्ला. बर्फ नव्हतं, साधं ऊन होतं. रडू आलं ते चौथ्या दिवशी, एक अहवाल वाचताना, 'तपासलं' या शब्दापाशी. तेव्हा मात्र आवरेना.

पहिला परिच्छेद वर तसाच ठेवला आहे. काका चूक लपवू देत नसत. खरं काय ते खाली लिहिलं आहे, काका. वाचून पाहिलं. ही माझी सही.

मेघा