अंबाडीचा आसूड

त्या उन्हाळ्यात माझा नवरा रोज तीनदा मार खायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आज उत्तमला जाऊन एक वर्ष झालं.

नावानं लिहिते, कारण 'मालक' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "मी कुणाचा मालक न्हाई," म्हणायचे.

सकाळपासून त्यांच्या फोटोखाली सगळे 'शांत स्वभाव' लिहीत आहेत. होते शांत. पण तो शांतपणा मी जवळून पाहिलाय.

पाच वर्षांमागची गोष्ट. जिंतूर रोडला माळावर सुट्टीतल्या लोकांसाठी एक 'जुनं गाव' उभं केलं होतं. निजामाच्या काळातलं. वेस, चावडी, मोट, सगळं. आम्ही झरीहून रोज कामाला जायचो.

मी नऊवारी नेसून जात्यावर ज्वारी दळायची. लोक शेजारी बसून सेल्फी घ्यायचे.

उत्तम वेस राखणारे येसकर व्हायचे. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी.

आणि देशमुख व्हायचे आमच्याच गावचे किराणा दुकानदार आप्पा. मुंगीलाही बाजूला सारून चालणारा माणूस. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याआड सरकवायचे आणि मगच आसूड हातात घ्यायचे.

शो असा होता. येसकर मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणतो. देशमुख त्याला चावडीपुढं झोडपतो.

हे मनचं नव्हतं. उत्तमच्या आज्याला असंच झोडपलं होतं. मार खाऊन तो उठला आणि म्हणाला, "उद्यापास्नं ढोर वढणार न्हाई." आणि नाहीच ओढलं.

ते वाक्य लोकांपुढं म्हणायला मिळेल म्हणून उत्तमनी ती घोंगडी घेतली.

थोरले दीर भडकले. "आज्यानं जे टाकलं ते तू परत अंगावर घ्यायलास? लाज हाय का? बोलू नको माझ्याशी."

त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलले नाहीत.

मी शाळेत गेलेली नाही. आप्पांच्या दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकले. म्हणून मला एकेक अक्षर बघायची सवय. मॅनेजरनं स्क्रिप्ट दिली, मी शेवटपर्यंत वाचली.

"अहो, तुमच्या आज्याचं वाक्यच न्हाई ह्यात."

उत्तम मॅनेजरकडं गेले.

"काका, लोक फॅमिली घेऊन येतात. मारलं, संपलं, जेवायला गेले. भाषण नको."

"भाषण न्हाई साहेब, चारच शब्द हायेत."

"पुढच्या आठवड्यात बघू."

तो आठवडा आलाच नाही. येसकर मार खाऊन मातीत पडून राहायचा, आणि स्पीकरवर आवाज यायचा, "गरमागरम भाकरी-पिठलं तयार आहे."

आसूड अंबाडीच्या वाखाचा होता. कोरडा असताना लागायचा नाही, पण वाजायचाही नाही. मॅनेजरनं तो रांजणात भिजवायला लावला.

भिजलेली अंबाडी कातडी सोलते.

शो झाला की आप्पा कुडाच्या मागं बसून उत्तमच्या पाठीला खोबरेल लावायचे.

"नीट मारा की आप्पा. लोक म्हणायलेत, देशमुख भित्रा हाय."

"आरं, दिवसभर काय केलं म्हणून बायकोनं विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, उत्तमच्या पाठीला तेल लावलं."

दोघंही हसायचे. मला हसू यायचं नाही.

मग एका रविवारी गर्दीतून एकजण पुढं आला. काळा गॉगल, मागं मित्र रील काढायलेले.

"देशमुखाला मारता येईना. आण इकडं." आप्पांच्या हातातून आसूड ओढून घेतला.

मॅनेजर जवळच उभा होता. म्हणाला, "एकच हं, दादा."

एक मारला. मग दुसरा. मग मी मोजायचं सोडलं.

"जोहार म्हण! मोठ्यानं म्हण!"

उत्तमचा खांदा सोलून उघडा पडला. त्या गॉगलवाल्यानं आसूड उलटा धरला आणि लाकडी दांडा उत्तमच्या तोंडावर हाणला.

दात मातीत पडलेला मला दिसला.

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, शो चांगला चाललाय.

मी जात्याचा खुंटा उपटला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

त्यानं मला ढकललं आणि दुसऱ्या हातानं आसूड उगारला. आप्पा मधे पडले. पटका सुटलेला. "मला मार! मार मला!" त्यांनाही दोन बसले.

तेवढ्यात उत्तम उठले.

छाती रक्तानं भिजलेली. येणारा आसूड त्यांनी हवेतच धरला, मुठीला गुंडाळला आणि ओढला. तो माणूस गुडघ्यावर आला. आता आसूड उत्तमच्या हातात होता.

"मारा," मी ओरडले. खरंच मारावं असं मला वाटत होतं. मरेपर्यंत.

उत्तमनी माझ्याकडं पाहिलं. आसूड खाली टाकला. मग लोकांकडं वळले आणि फुटलेल्या तोंडानं म्हणाले,

"उद्यापास्नं ढोर वढणार न्हाई."

टाळ्या थांबल्या.

त्याच दुपारी आम्हा तिघांना कामावरून काढलं. जाताना आप्पांनी त्यांचा पटका फाडून उत्तमच्या खांद्याला बांधला.

मागच्या वर्षी दुखणं आलं आणि ते गेले. अंघोळ घालायला थोरले दीर आले. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात.

कुशीवर वळवताना त्यांना खांद्यावरचा वळ दिसला. बोटाएवढा जाड, पांढरा पडलेला.

"ह्यो कशाचा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या भरून घेतला.

मग विचारलं, "शेवटाला म्हनला का त्यो? आज्याचं?"

"म्हणाले."

त्यांनी त्या खांद्यावर पाणी ओतलं. हळूहळू. तांब्या रिकामा झाला, तो परत भरला आणि पुन्हा तिथंच ओतलं.

उत्तम, दादांनी तुम्हाला अंघोळ घातली. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

निवांत झोपा. जयभीम.