जानूआजांचं गाऱ्हाणं

जानूआजा ब्याऐंशी वर्षांचे, मी एक्कावन्नचा. तरी आमची मैत्री जमली. मी मुंबईहून गावी आल्यापासून रोज सकाळी ते आमच्या दगडी गडग्यापाशी येऊन हाक मारायचे आणि आम्ही वरच्या सड्यावर त्यांची गाय चरायला घेऊन जायचो. मी केस रंगवायचो, ते बघून म्हणायचे, "गुडघ्यांना कोण फसवणार रे सुजय?" इतरांनी म्हटलं असतं तर मी भांडलोच असतो. माझा स्वभावच तसला.

मी रजेवर आलोय असं बायकोला, सावित्रीला, सांगितलं होतं. खरं म्हणजे कारखाना बंद पडून माझी नोकरी गेली होती. जवळच्या हातखंब्याला दोन ठिकाणी कामाचं विचारून आलो, त्यांना पंचविशीतली पोरं हवी होती. हे मी फक्त आजांना सांगितलं होतं, सड्यावर बसून. त्याच बैठकीत त्यांनीही त्यांचं सांगितलं, की अलीकडे डोक्यात सगळं कालवतं, काय बोलायचं आणि काय नाही ते कळेनासं होतं. गावाच्या वतीने देवाला घालायचं गाऱ्हाणं चाळीस वर्षं आजाच घालत होते. त्यात भलतंच काही तोंडातून निसटेल याची त्यांना फार भीती वाटायची. कुणाला बोलू नकोस, म्हणाले. मी नाही बोललो.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. आजांनी नारळ हातात घेतला, देवाला आमची पोरंबाळं सांभाळ म्हणून सांगितलं, आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "ह्याची नोकरी सुटलीय, बायकोला सांगायचं धाडस होत नाय, मनात झुरतोय. त्याला आधार दे, म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळा गाव सवयीने म्हणाला. सावित्रीसुद्धा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड सांभाळता येत नसेल तर नारळ खाली ठेवा, असं मी चारचौघांत त्यांना सुनावलं.  "माझं काय चुकलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या रात्री सावित्री म्हणाली की तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रजेवर आलेला माणूस बॅग पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकत नाही. म्हणजे ज्यासाठी मी आजांना टाकून बोललो, ते गुपित राहिलेलंच नव्हतं. तरी माझा राग उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापाशी हाक आली, "सुजय, येतोस ना?" काय निर्लज्ज म्हातारा, असं मनात आलं. मी सावित्रीला पाठवून घरात नाही म्हणून सांगितलं. ते बरं म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले, चौथ्याही. ती म्हणाली, अहो, एकदा तरी जा. मी म्हटलं, आधी माफी मागू दे. असं सात दिवस चाललं. त्यानंतरच्या सकाळी हाक आली नाही. शेजारच्या चंपाकाकूने जाऊन पाहिलं, तर आजा झोपेतच गेले होते.

स्मशानातून परत येताना मला उमगलं. भांडण त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. रोज सकाळी ते पहिल्यासारखेच मला न्यायला येत होते. हे जगात एकट्या मला कळायला हवं होतं, कारण त्यांनी ते एकट्या मला सांगितलं होतं. मी रडलो, पण त्याचा आता काय उपयोग?

यंदाच्या शिमग्याला गावाने नारळ माझ्या हातात दिला. आजांचा मुलगा मुंबईला, घर बंद. तरी रिवाजाप्रमाणे पालखी त्यांच्या दाराशी थांबली. घरोघरी गाऱ्हाण्यात म्हणतात ते शब्द मला पाठ होते. ते तोंडात आले नाहीत.

"म्हाराजा," मी म्हटलं, "या घरचा माणूस सात दिवस माझ्या दारात आला. मी घरात असून नाही म्हणून सांगितलं. बाकी सगळं त्याला आठवू दे, हे तेवढं आठवू देऊ नको."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले. सावित्रीने या वेळी होय म्हटलं नाही; तो निरोप सातही दिवस तिनेच दिला होता.