स्मरांदाच्या खिडकीतली वायर

गलात्स शहरातल्या त्या इमारतीत इंटरनेट आलं ते स्मरांदाच्या लेकीमुळे. लेक म्हाताऱ्यांची सेवा करायला इटलीला गेली आणि जाताना कॉम्प्युटर आईच्या गळ्यात घालून गेली. "रोज तोंड दिसलं पाहिजे तुझं," म्हणाली. सूतगिरणीत जन्म काढलेली स्मरांदा मग उतारवयात माउस धरायला शिकली.

खालच्या मजल्यावरच्या तुदोराचा मुलगा स्पेनमध्ये. त्यानेही आईला जुना कॉम्प्युटर पाठवला, पण इंटरनेट कुठून आणायचं? स्मरांदाने आपल्याच कॉम्प्युटरमधून वायर काढली आणि खिडकीतून खाली सोडली. अट एकच, वरचा कॉम्प्युटर चालू हवा. तो बंद पडला की खालीही अंधार.

त्या रविवारी तुदोराच्या नातीचा बाप्तिस्मा होता. गुडघ्यांपायी तुदोराला जाता आलं नव्हतं. चर्चमधून घरी आल्यावर मुलगा बाळाला कॅमेऱ्यासमोर धरणार होता. नातीचं तोंड ती पहिल्यांदाच पाहणार होती.

स्मरांदाने सकाळी घर झाडलं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रेडिओवर रुमाल, मग कॉम्प्युटरने काय पाप केलं? आईच्या हातचा मोठा रुमाल तिने त्या खोक्यावर चारी बाजूंनी पांघरला आणि ती कोबीच्या पानांत खिमा-भात भरायला बसली. खोकं आधी घरघरलं, मग गप्प झालं. 'बरं झालं, निजलं एकदाचं,' ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात ठण ठण ठण! खोल्या गरम ठेवणारा पाइप सगळ्या मजल्यांतून जायचा, आणि कुणाचं काही बिनसलं की त्यावर स्वयंपाकाचा डाव आपटायची रीत होती. "आता काय, कोबीचाही आवाज खुपतो तुदोराताईला?" स्मरांदा पुटपुटली. पाठोपाठ खिडकीतून हाक आली.

"अगं स्मरांदा! मुलगा पोरीची टोपी काढत होता गं, आणि स्क्रीन काळी!"

स्मरांदा धावली. रुमालाखाली खोकं तव्यासारखं तापलेलं.

"तुदोराताई, मीच कॉम्प्युटरला गोधडी घातली हो!"

"मग काढ की ती! का त्याला अंगाईही म्हणतेस?"

तिने रुमाल ओढून काढला, खिडकी सताड उघडली, ताटलीने वारा घातला. खोकं निवायला वेळ लागला. मग बटण दाबलं. दिवा लागला, पण खालून काही हाक येईना. मुलाने कंटाळून बंद केलं असेल तर?

आणि पुन्हा ठण ठण! खरकट्या हातांनीच ती जिना उतरली.

तुदोराचं दार उघडंच होतं. "ये ना! किती ठोकायचं मी?" डोळे पुसत तिने स्मरांदाला खुर्चीवर बसवलं. समोर टोपी काढलेलं बाळ जांभई देत होतं.

"ही बघ, सोनुले, ही वरची आजी," तुदोरा म्हणाली. "हिनेच तुला झाकून टाकलं होतं."

रुमाल अजून स्मरांदाच्या खांद्यावरच होता. तिने तो कॅमेऱ्यासमोर पसरून धरला.

"हा आता तुलाच पाठवते गं. तू पांघरलास तर कुणाचं काही बंद पडणार नाही."