आक्षेप कोणत्या कलमावर?

परवा टपालकचेरीत तापलेल्या लाखेचा वास आला आणि ठाण्यातली नौपाड्याची ती ओसरी आठवली. सात वर्षांपूर्वी विलायती कापडावरची जकात उठवण्याचे बिल कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात आले होते. कल्याणच्या एका विणकराचा माग त्याने बंद पडणार, म्हणून त्याच्या वतीने मी चार पाने अर्ज खरडला: सरकार लुटारू, कौन्सिल हुजरे! तो घेऊन आम्ही दोघे एका पेन्शनर शिरस्तेदारांकडे, तात्यांकडे, त्यांच्या त्या ओसरीवर गेलो. तात्यांनी तपकीर ओढली. "भाषा झणझणीत आहे रे. पण आक्षेप कोणत्या कलमावर?" बिल मी वाचलेच नव्हते! "अरे, कौन्सिलात शिव्यांना उत्तर नसते, कलमाला असते. बिल सध्या कमिटीकडे आहे. तिचा रिपोर्ट होण्याआधी पोचेल तेच वाचतात. नंतर नुसती मते घेतात, हो की नाही." त्यांनी ग्याझेट काढून एकेक कलम मराठीत सांगितले. तिसऱ्याला विणकर ओरडला, "तात्या, थांबा! जाडं कापड म्हणजे आमचंच लुगडं की!" मग अर्ज चार ओळींचा झाला: जकातमाफीच्या तिसऱ्या कलमातून जाडे कापड वगळावे. तात्यांनी स्वतः लाख तापवून मोहोर केली. बिल शेवटी पास झालेच. पण छापील कामकाजात एक ओळ होती: 'कल्याणच्या विणकराचा अर्ज, कलम तीन, वाचला.' विणकराने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि म्हणाला, "म्हणजे आमचं लुगडं कलकत्त्याला जाऊन बोललं!" तात्या आता नाहीत. सरकारला मी अजून लुटारूच म्हणतो. फक्त आधी कलम सांगतो.