चक्कर कुणाला आली

आमच्या ताडकळसच्या शिंप्याचा हिशोबच उलटा. लोकांना गोल फिरल्यावर चक्कर येते, त्याला उभं राहिलं की यायची. बाजारात कुणाशी बोलायला थांबला की डुलू लागायचा. मग डोळे मिटून जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरागरा फिरायचा आणि ताठ उभा राहायचा. "सपाट जमीन लय हालती, लय हालती," असं म्हणायचा. प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायचा. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या या माणसाला निम्मं गाव दारुड्या समजत होतं.

त्याच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं. मंगलाष्टकं लांबली, तसा तो डुलायला लागला आणि मुंडावळ्यांसकट फिरूच लागला. त्याला धरायला मामाही मागोमाग फिरू लागले. सासरे ओरडले, "पिऊन आलाय ह्यो! पोरीला आत न्या!"

त्या गडबडीत माझ्या हातातून अंतरपाट सुटला. नवरीनं त्याच्याकडे नीट बघितलं, हार सावरला आणि म्हणाली, "तुमी फिरा खुशाल. मी नेम धरते."

हार पहिल्याच फेकीत गळ्यात पडला. तो थांबला, ताठ उभा राहिला.

चक्कर आली ती भटजींना.