चहाच्या टोपातला थर्मोस्टॅट

तो बिरवाडीत आमच्या समोर भाड्याने राहायचा. माझ्यासारखाच पिकअप चालवायचा. नाव मी विचारलं नाही, विचारायचंही नव्हतं. बायको त्याला भाऊ म्हणायची.

पोलादपूरच्या घाटात त्याची गाडी तापायला लागली, म्हणून एका रविवारी तो दारातच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाला थंड पाणी सोडणारी झडप, बदलायला बसला. एकेक बोल्ट पुसून वाटीत ठेवायचा. वाटी आमची! नवा थर्मोस्टॅट उघडतो की नाही, ते बघायला उकळतं पाणी हवं होतं. बायकोने आमचा चहाचा टोप गॅसवर चढवला आणि स्वतःच वाकून बघत राहिली.

"घाई नाय करायची वयनी," तो म्हणाला, "पाणी तापलं की आपसूक उघडतो."

उघडला, तशी ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत हसली. माझ्या गाडीत तिने कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माझ्या पिकअपचा ठणठणीत थर्मोस्टॅट खोलून काढला आणि दारातून टोप मागितला.

"आत्ताच घासलाय," ती आतूनच म्हणाली. "तुम्हाला जमत नाय तर भाऊंना बोलवा की."