कोणासाठी मॅडम

वर्गात कोणी ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द उच्चारला, की मॅडम खडू खाली ठेवायच्या. फेकायच्या नाहीत. टेबलाच्या कडेला, झोपलेलं मूल ठेवावं तसा सांभाळून ठेवायच्या. त्यांचा राग तिथून सुरू व्हायचा. बाकीच्या शिक्षकांचा आवाज रागात चढतो, यांचा उतरायचा. मागच्या बाकांवरच्यांना कान पुढे करावे लागत. मग त्या विचारायच्या, “प्रॅक्टिकल. बरं. कोणासाठी?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला, की मुलांनी त्यांचं नावच ‘कोणासाठी मॅडम’ पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात दोन मुलं कुजबुजली, “आल्या बघ, कोणासाठी.” मॅडम न थांबता म्हणाल्या, “तुमच्यासाठीच. चला वर्गात.”

मी नालासोपाऱ्याजवळच्या वटार गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शिक्षकांबद्दल लिहायची मला भीती वाटते, काही चुकीचं लिहून बसेन असं वाटतं. पण गेले काही महिने भीतीपेक्षा राग जास्त येतो आहे. राग यायला हवा तिथे तो येऊ द्यायचा असतो, हे मला मॅडमनीच शिकवलं. म्हणून लिहिते आहे.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार. सुट्टीचा नाही, आजारपणाचा नाही, पुढच्या सत्रात बोलावतीलच असंही नाही. सकाळी एका कॉलेजात शिकवून दुपारी आमच्याकडे यायच्या आणि मधल्या वेळात रिक्षात बसून डबा खायच्या. विषय होता व्यवसाय-नीतिशास्त्र. आमच्याकडे त्याला कोणी विषय म्हणत नसे. गाईडमध्ये चार सिद्धांत, प्रत्येकाचे पाच मुद्दे, पाठ करा आणि सुटा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “गाईड घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण गाईडमध्ये माणसं नसतात. माणसं तुम्ही आणा.”

मग मुलं माणसं आणू लागली. एकाच्या मामाचं राजोडीच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट आहे. शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की खरकटं आणि ताटल्या मागच्या ओढ्यात जातात आणि ओढा समुद्रात. तो मोठ्या विश्वासाने उभा राहिला. “मॅडम, उपयुक्ततावादाप्रमाणे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. पाहुणे खूश, मामा खूश, कामवाले खूश. प्रॅक्टिकली बघायला गेलं तर…”

खडू खाली गेला.

“सोमवारी सकाळी त्या किनाऱ्यावर कोण असतं?”

“कोणीच नसतं, मॅडम.”

“कोणीच नाही?”

“म्हणजे… मासे सुकवायला बायका येतात.”

“मग त्या कोणीच नाहीत का?”

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “उपयुक्ततावाद वाईट नाही, रे. तुमची मोजणी चोर आहे. सोयीच्या माणसांपाशी येऊन थांबते.”

कर्तव्यवाद त्यांनी दोन वाक्यांत शिकवला. जे तू करतोस तेच सगळ्यांनी करायचं ठरवलं तर तुला चालेल का, हे एक. आणि दुसरं, माणसाची शिडी करायची नाही. सद्गुणांचा सिद्धांत आला तेव्हा एकीने विचारलं, धंद्यात थोडं खोटं चालतंच ना? मॅडम म्हणाल्या, “रोज थोडं खोटं बोलणारा माणूस पुढे खोटं बोलत नाही. तो खोटा होतो. मग त्याला बोलायचीसुद्धा गरज उरत नाही.” मी हे वहीत उतरवून घेतलं. ते माझ्यावरच येणार आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सत्राच्या मध्यावर त्यांनी प्रकल्प दिला. आपल्या घरातला किंवा आळीतला धंद्याचा एक खरा निर्णय घ्यायचा आणि तो सगळ्या सिद्धांतांवर घासून बघायचा. मला विषय शोधावा लागला नाही. तो आमच्या दारात रोज पाच वेळा हॉर्न वाजवत होता.

आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड आहे. पूर्वी ते केळीला आणि पानवेलीला जायचं. मी बारावीत असताना बाबांनी पानवेल काढली, मोठा पंप बसवला आणि पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली. टँकर तिकडे पूर्वेला, नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगींना जातात. बाबा वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, “लोकांकडे पानी नाय. आपन देतो. पुण्याचंच काम हाय.” माझ्या कॉलेजची फी त्याच पाण्यातून येते.

आमच्या कुंपणापलीकडे फिलूमावशीची वाडी. ती मेथी, माठ, अळू लावते आणि सकाळी टोपली घेऊन बाजारात जाते. आमच्याकडे समुद्र जवळ आहे. गोड पाणी वर असतं, खारं खाली. उपसा वाढला की खारं वर चढतं. आमची विहीर खोल आणि पंप मोठा. तिची वाडी समुद्राच्या बाजूला, म्हणून खारं पाणी आधी तिच्या विहिरीत आलं. मेथीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मावशी बाबांना कुंपणावरून म्हणाली होती, “दादा, माझ्या बावडीला मीठ लागलंय, रे.” बाबा म्हणाले, “यंदा पाऊस कमी झाला गो.” पाऊस कमी झाला नव्हता.

हे सगळं मी लिहिलं. फक्त नावं काढून टाकली. ‘एका गावातील एका शेतकऱ्याने’ अशी सुरुवात केली.

मॅडमनी मला स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर बसवलं. “ही विहीर कुठे आहे?” मी म्हटलं, “अशीच, उदाहरणादाखल.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी सांगून टाकलं. त्यांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. “टँकर कुठल्या भागात जातो?” मी भागाचं नाव सांगितलं. त्यांनी प्रकल्प मिटला. मग म्हणाल्या, “मी तिथेच राहते. आमच्या बिल्डिंगला आठवड्यातून तीन टँकर येतात. मी त्याच पाण्याने तोंड धुऊन तुम्हाला नीती शिकवायला येते.”

रविवारी त्या नालासोपाऱ्याहून बस पकडून वटारला आल्या. आमच्या घरी न येता आधी फिलूमावशीकडे गेल्या. मावशीने चहा ठेवायला घेतला, तर म्हणाल्या, “चहा नको. विहिरीचं पाणी द्या.”

“ते नको, बाय. खारं हाय. मी नळाचं देते.”

“खारंच द्या.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं, ही कोण वेडी आणलीस म्हणून. मॅडमनी पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं न करता सगळा संपवला. मग बांधावर बसून करपलेल्या मेथीचं एक पान उलटंपालटं करत विचारलं, “तुम्ही तक्रार का नाही केली?”

मावशी हसली. “कोनाची करू? ही माझ्या मांडीवर वाढली.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मॅडमना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस आल्यावर म्हणाल्या, “बघितलंस? सगळ्यांनी केलं तर काय होईल, हे मी वर्गात विचारते. इथे एकानेच केलंय.”

त्यानंतर त्यांनी आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला. पाणी कुठून येतं ते विचारा, तीनाऐवजी दोनच टँकर घ्या, एका विहिरीवर सगळा भार नको, एवढंच म्हणाल्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, “मॅडम, तुम्ही नीती प्या. आम्ही पाणी पितो.” सगळी मीटिंग हसली. हे त्यांनीच आम्हाला वर्गात सांगितलं. वर म्हणाल्या, “विनोद चांगला होता. राग आला होता म्हणून मला हसता आलं नाही.”

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या घरात टँकरच्या पाण्याचा नळ उघडला नाही. महापालिकेचं पाणी दिवसाआड थोडा वेळ येतं, त्यावर भागवू लागल्या. आठवडाभर त्याच दोन ड्रेसवर यायच्या. मुली खिदळायच्या. मला एकटीला त्यांनी कारण सांगितलं होतं आणि मी खिदळणाऱ्यांना काही सांगितलं नाही. एकदा धीर करून विचारलं, “मॅडम, तुम्ही एकट्यांनी न वापरल्याने विहिरीला काय फरक पडणार?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काय. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, तेवढी शांतता मिळाली.” पुढे म्हणाल्या, “विहिरीला फरक पडत नाही, हे बरोबर. पण उद्या मी फळ्यापाशी उभी राहून काय बोलू, सांग.”

आता जे लिहायचं आहे ते माझ्याबद्दल आहे.

कॉलेजात प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. मॅडमनी माझा प्रकल्प पहिल्या टेबलावर लावायचं ठरवलं होतं. दोन दिवस आधी कोऑर्डिनेटर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज फार गोड होता. “हुशार मुलगी आहेस. पण प्रमुख पाहुण्यांचा पाण्याचाच व्यवसाय आहे, ते आपल्या कॉलेजला मदत करतात. काहीतरी पॉझिटिव्ह घे ना. पॅकेजिंगवर कर.” मी म्हटलं, मॅडमना विचारते. ते म्हणाले, “मॅडम काय, आज आहेत. तू प्रॅक्टिकल विचार कर.”

आमच्या दारात येणारे टँकर त्याच पाहुण्यांचे होते. त्यांना कळलं असतं तर टँकर दुसऱ्या विहिरीवर गेले असते आणि माझं शेवटचं वर्ष तिथेच थांबलं असतं. मी घरी जाऊन भाजीच्या कागदी पिशव्यांवर तक्ता केला. छान झाला. तीन रंगांत.

त्या सरांचा मला अजून राग येतो. पाहुण्यांचाही येतो. त्यांनी माझ्या टेबलापाशी थांबून “व्हेरी गुड, बेटा” म्हटलं होतं. पण सगळ्यात जास्त राग त्या मुलीचा येतो, जी “थँक यू, सर” म्हणाली.

पाहुण्यांच्या मागून मॅडम आल्या. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता त्या हळू आवाजात बोलतील. मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी इतर सगळ्यांना विचारायच्या तसंच विचारलं, “ओलं झाल्यावर ही पिशवी किती वेळ टिकते?” मी उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, वहीत गुण लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. आवाज उतरला नाही. माझ्यावर रागवायचंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं. मला ते अजून पचलेलं नाही.

जुना प्रकल्प कोणी लावायला सांगितला होता, यावरून त्यांना ऑफिसात बोलावलं गेलं. विषय मुलीने स्वतःहून आणला होता, असं त्या म्हणू शकल्या असत्या. ते खरंही होतं. त्या म्हणाल्या, “मी सांगितला होता.” हे मला नंतर ऑफिसच्या शिपाईकाकांनी सांगितलं. पुढच्या सत्रात त्यांना एकही तास मिळाला नाही. काढलं, असं कोणी म्हणत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही, फक्त बोलवायचं नाही. नीतिशास्त्र आता अकाउंटचे सर शिकवतात. गाईडमधून.

शेवटच्या दिवशी त्या कपाट रिकामं करत होत्या. मी दारात उभी राहिले. माफी मागायचं पाठ करून गेले होते, ते विसरले. त्यांनी माझा जुना प्रकल्प पिशवीतून काढून हातात दिला. “तुझा आहे. माझ्याकडे कशाला?” मी म्हटलं, “मॅडम, मी घाबरले.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे. घाबरल्याचे गुण कापत नाहीत.” आणि पिशवी खांद्याला लावून गेल्या. आता कामणला एका गोदामात मालाची आवकजावक बघतात. मध्ये फोन केला तेव्हा म्हणाल्या, “इथे प्रॅक्टिकल माणसं भरपूर आहेत. खडू तेवढा नाही.”

प्रकल्प मी बसमध्ये उघडला. आत गुण नव्हते, शेरा नव्हता. फक्त पहिल्या ओळीत, ‘एका शेतकऱ्याने’ मधल्या ‘एका’खाली लाल रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात एक प्रश्न. ‘कोणी?’

उत्तर द्यायला मला चार महिने लागले. माझ्या वडिलांनी. विहीर आमची, पंप आमचा, फी माझी.

गेल्या रविवारी मी फिलूमावशीकडून पेलाभर पाणी आणलं आणि जेवताना बाबांच्या ताटाजवळ ठेवलं. त्यांनी घोट घेतला आणि थांबले.

“कुठलं पानी हे?”

“फिलूमावशीच्या बावडीचं.”

त्यांनी पेला खाली ठेवला. मी तो उचलला आणि राहिलेलं सगळं प्याले. घसा सोलवटल्यासारखा झाला. मॅडमनी हे तोंड वाकडं न करता कसं केलं असेल, कळत नाही. मग मी बाबांना तो प्रकल्प वाचून दाखवला, ‘एका शेतकऱ्याने’ काढून तिथे ‘माझ्या बाबांनी’ असं म्हणत. बाहेर टँकरने हॉर्न दिला. आई भात वाढता वाढता तशीच उभी राहिली. दुसरा हॉर्न झाला तेव्हा बाबा हात धुऊन उठले आणि बाहेर गेले. पंप सुरू झाल्याचा आवाज आला.

पण या आठवड्यात रोज पाचाऐवजी तीनच टँकर भरले. काल कुंपणापाशी उभे राहून, मावशीच्या मेथीकडे न बघता, बाबा मला म्हणाले, “झालं ना तुझ्या मनासारखं? एवढं पुरे आता.”

माझा आवाज आपोआप खाली गेला.

“कोणासाठी?” मी विचारलं.